दीडशे टक्क्यांवर मराठी वाचून दाखवा

भूममध्ये मी खव्याच्या भट्टीवाल्यांचे आणि दूध संकलनाचे हिशेब लिहिते. माझ्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये डावीकडे गावांची यादी असते. गावापुढच्या अधिक चिन्हाच्या चौकोनावर क्लिक केलं की त्याखाली खातेदार उघडतात. नवा लॅपटॉप आला आणि या यादीतल्या ओळी वरून-खालून कापल्या जाऊ लागल्या. ‘भूम’चा ऊकार गेला. ‘मोरे’ आडनावाचा तर चक्क ‘मार’ झाला! प्रोग्रॅम विकणाऱ्यांना फोन केला की उत्तर ठरलेलं : ‘मॅडम, स्क्रीन शंभर टक्क्यांवर ठेवा.’ हे उत्तर मला मान्य नाही.

विंडोजचं जुनं माप इंचाला ९६ ठिपक्यांचं. त्या मापानं १६ ठिपक्यांची ओळ सव्वाचार मिलिमीटर उंच भरते. आजच्या १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचात सुमारे १४१ ठिपके बसतात, त्यामुळे तीच ओळ तीन मिलिमीटरही भरत नाही. शंभर टक्क्यांवर ठेवायचं म्हणजे दिवसभर डोळे फोडत बसायचं. म्हणून आपण पडद्याचं प्रमाण सव्वापट, दीडपट करतो. अक्षर वाढतं, पण ओळीची उंची प्रोग्रॅममध्ये ठोकून बसवलेली असेल, तर ती तसूभर हलत नाही. त्यात मराठीची अडचण वेगळी. उंची बऱ्याचदा इंग्रजी फॉन्टवरून धरलेली असते आणि मराठी अक्षरं येतात ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ फॉन्टमधून. त्यांना मात्रा-उकारांसाठी जागा जास्त लागते. इंग्रजी नावं टाकून तपासणाऱ्याला हा दोष दिसणार तरी कसा?

हा दोष दुरुस्त होईतोवर एक तोडगा आहे. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी आणि तिथून ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ उघडा. खालच्या चौकटीत खूण करून ‘सिस्टिम’ निवडा. मग विंडोज सगळी खिडकीच एका प्रमाणात ताणते. ओळी बहुधा पुऱ्या दिसतात, पण अक्षर धूसर होतं. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेला ‘सिस्टिम एनहान्स्ड’ हा पर्याय अनेक जुन्या प्रोग्रॅममध्ये अक्षर ठसठशीत ठेवतो, छोटी चित्रं मात्र फुटकी दिसतात. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडल्यावरच फरक कळतो.

पण ही मलमपट्टी झाली. खरं काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं आहे : ओळीची उंची, ओळ आत सरकवण्याचं अंतर आणि चित्रांचं माप पडद्याच्या प्रमाणावरून काढायचं, आणि उंची मराठी अक्षर मोजून ठरवायची. विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, प्रत्येक पडद्याचं वेगळं प्रमाण प्रोग्रॅमला विचारता येतं. मग इतक्या वर्षांनी ‘जमत नाही’ कसं ऐकून घ्यायचं?

पतसंस्था, दूध संस्था, नगरपालिका यांनी प्रोग्रॅम घेताना करारात एक अट घालावी. विक्रेत्यानं संस्थेच्याच लॅपटॉपवर, दीडशे टक्क्यांवर, संस्थेच्या गावांची आणि खातेदारांची यादी उघडून दाखवावी. रोज त्यावर बसणाऱ्या कारकुनानं ती वाचावी. एकही मात्रा कापली गेली, तर शेवटचा हप्ता थांबवावा. हप्ता अडला की दुरुस्तीला वेळ लागत नाही.