अदब कुणाची, दिव्याची की खुर्चीची?

आपल्या घरात मुलांची पहिली तालीम अदबीची असते. मोठ्यांना सलाम करा, उस्तादांपुढे आवाज चढवू नका, साहेब आले की उठून उभे राहा. त्यात वाईट काहीच नाही. पण साहेबच बेअदब निघाले तर? तेव्हा आपले बुजुर्ग म्हणतात, ‘हा विषय मुलांसमोर काढू नका, त्यांच्या मनातला धाक जाईल.’ माझे भांडण या सल्ल्याशी आहे.

वाशिमच्या मुलांपासून हा विषय लपवणार तरी कसा? जुलै 2024 मध्ये पूजा खेडकर या शिकाऊ सनदी अधिकारी पुण्याहून इथे पाठवल्या गेल्या. पुण्यात त्यांच्या खासगी ऑडीवर दिवा होता आणि ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी होती. केंद्राने मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा 1 मे 2017 पासून उतरवले होते, हे इथे आठवावे. स्वतंत्र दालन, गाडी, शिपाई यांचाही हट्ट होता. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी वर अहवाल पाठवला आणि बदलीसाठी गाव निवडले गेले वाशिम! 1998 साली अकोल्यापासून वेगळा झालेला, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला आपला जिल्हा. पुण्याला जड झालेला अधिकारी वाशिमला चालतो, असे मानणाऱ्यांना आपल्या मुलांनी कोणती अदब दाखवायची?

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ओळख बदलून ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याचा ठपका ठेवून लोकसेवा आयोगाने 31 जुलै 2024 रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली. सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवेतून काढले. त्यांनी आरोप नाकारले आहेत. गुन्ह्याचा फैसला कोर्टाचे काम. पण मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट इथेच आहे. दिव्याची गाडी एका अहवालापुढे आणि नियमापुढे थांबली. ‘सगळे अधिकारी चोर’ म्हणणाऱ्या आपल्या तरुणांनीही हे पाहावे. अहवाल लिहिणारेही अधिकारीच होते.

वाअझमध्ये हजरत उमर यांचा किस्सा आपण हमखास ऐकतो. अंगावर जास्तीचे कापड कुठून आले, असे भर सभेत एकाने खलिफांना विचारले, तेव्हा त्यांच्या मुलाने उठून सांगितले की, माझा वाटा मी वडिलांना दिला. आपण खलिफांच्या इन्साफाची वाहवा करतो. विचारणाऱ्याचे मात्र नावही घेत नाही. तो बेअदब होता काय?

खरे सांगायचे तर, आपण ज्याला अदब म्हणतो ती पुष्कळदा भीतीच असते. बाप दाखल्यासाठी तहसीलच्या खिडकीशी हात जोडून उभा राहतो, बाबूला ‘मायबाप’ म्हणतो आणि घरी येऊन त्याच बाबूला शिव्या घालतो. शेजारी उभा असलेला मुलगा दोन्ही ऐकतो. या तालमीतून अदब उगवत नाही, दुटप्पीपणा उगवतो. आणि याच मुलाबाळांना आपण कलेक्टर होण्याची दुआ देतो!

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे. न मिळाल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कारंजा असो की मंगरूळपीर, बापाने मुलाला सोबत न्यावे. बाबूला सलाम करावा, ‘आपण’ म्हणून बोलावे, अर्जाची पोच मागावी. मुदत टळली की अपिलाचा अर्ज त्या मुलाच्याच अक्षरात लिहून घ्यावा.