पिणारे घटले, पिकवणाऱ्याचे काय?



या सदरात आपण कधी साखरेचा बाजार पाहतो, कधी कापसाचा. आज मात्र बीअरचा बाजार पाहायचा आहे, हे वाचून काही घरांत कपाळाला आठ्या पडतील. गावातली बाटली आडवी करण्यासाठी ज्या मायबहिणी मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्याही घरात हे साप्ताहिक जाते, याची मला जाणीव आहे. म्हणून आधीच सांगतो, की ही पिणाऱ्याची गोष्ट नाही, पिकवणाऱ्याची आहे. देश आहे जर्मनी, आणि तिथल्या शेतकऱ्यावर जी वेळ आली आहे ती उद्या कोणावरही येऊ शकते.

बीअर बनते जवापासून. आपल्याकडे काही भागांत त्यालाच सातू म्हणतात. घरातली आजी नाचणी भिजवते, तिला मोड आणते, वाळवते आणि दळून लेकरासाठी सत्त्व काढते. बीअरची सुरुवात तशीच होते. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि भरडायचे. गरम पाण्यात त्याचा गोडसर रस उतरतो. तो रस उकळताना त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले टाकतात, त्याने कडवटपणा व वास येतो. मग तो आंबवतात. उरलेला चोथा दुभत्या गुरांना घालतात.

म्हणजे एका बाटलीमागे दोन शेतकरी उभे आहेत, एक जववाला आणि दुसरा हॉपवाला. हे दोघे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या दोघांच्या फरकाची आहे.

आता बाजार कसा आहे ते पाहू. जर्मन माणूस आणि बीअर यांचे नाते फार जुने. १५१६ साली बव्हेरियाच्या राजाने, म्हणजे तिथल्या ड्यूकने, कायदा केला की बीअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही. गहू भाकरीसाठी, पावासाठी शिल्लक राहावा, हाही त्यामागे एक हेतू होता असे सांगतात. १९७० नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीत लहानथोर सगळे धरून माणशी वर्षाला १५० लिटरच्या आसपास बीअर खपत होती. २०२३ साली हा आकडा ९० लिटरच्याही खाली आला.

देशाचा एकूण हिशेब पाहा. १९९३ साली जर्मन कारखान्यांनी सुमारे १,१२० कोटी लिटर बीअर विकली. २०२३ साली ८४० कोटी लिटर, आणि २०२४ साली आणखी घटून सुमारे ८३० कोटी. तीस वर्षांत चौथा हिस्सा खप गेला! दुष्काळ नाही, लढाई नाही, बंदी नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी निघून गेले.

का गेले? पहिले कारण वयाचे. तो देश म्हातारा होत चालला आहे, आणि वय वाढले की पिणे कमी होते. दुसरे कारण तरुणांचे. बापाने रोज संध्याकाळी घेतली म्हणून मुलगा घेत नाही. त्याला तब्येतीची काळजी आहे, गाडी चालवायची आहे, आणि हाती दुसरी पेयेही आहेत. तिसरे कारण महागाईचे. २०२२ साली युक्रेनमध्ये लढाई पेटल्यावर गॅस, वीज, काच, सगळेच कडाडले, आणि बाटलीची किंमतही चढली.

कारखानदारांनी काय केले? बिनदारूची बीअर काढली. वरच्या आकड्यांत ती धरलेली नाही. २०१३ साली ती सुमारे २७ कोटी लिटर निघत होती, २०२३ साली ५५ कोटी लिटरच्या वर गेली. दहा वर्षांत दुप्पट! तरीही घटीचा खड्डा तेवढ्याने भरला नाही. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांची तुलना केली तर पन्नासहून अधिक बीअर कारखाने कमी झालेले दिसतात. राहिले सुमारे १,४६०.

तुम्ही म्हणाल, देशात खपत नाही तर परदेशात विकावी. ते विकतातच. पण शंभर लिटरमागे जेमतेम अठरा लिटर बाहेर जाते, बाकीची घरच्याच बाजारावर अवलंबून. वर्षाला दीडशे कोटी लिटरच्या आसपास निर्यात होते, आणि २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत तीही वाढण्याऐवजी थोडी घसरलीच. शेजारच्या देशांतही पिणे कमी होत आहे. जी घागर आपल्या घरी गळते, तीच शेजाऱ्याकडेही गळत असेल तर पाणी कोणाकडे मागायचे?

यात एक गंमत सांगण्यासारखी आहे. परदेशी बीअर येऊन आपला धंदा बुडवील अशी जर्मनीला एके काळी मोठी धास्ती होती. त्या जुन्या कायद्याच्या जोरावर बाहेरच्या मालाला दार बंद होते. १९८७ साली युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, की शेजारच्या देशात रीतसर बनलेली बीअर तुम्ही या कारणाने अडवू शकत नाही. तेव्हा मोठी ओरड झाली. पण झाले काय? जर्मन माणूस आपलीच बीअर पीत राहिला. धंदा खाली आला तो पुढे, आणि तो घरच्याच पोरांची सवय बदलल्यामुळे. वेशीवर पहारा ठेवता येतो, पण गिऱ्हाइकाच्या मनावर ठेवता येत नाही.

आता आपल्या दोन शेतकऱ्यांकडे येऊ.

जववाल्याचे पीक हंगामी आहे. बीअरसाठीचा जव पिकवणे सोपे नाही. दाण्यात प्रथिने फार नकोत, म्हणून नत्राचे खत हात राखून द्यावे लागते. उगवण शंभरात पंच्याण्णवच्या वर लागते, नाहीतर मोड एकसारखे येत नाहीत. कसाला उतरला तर भाव चढा मिळतो. नाही उतरला तर तोच जव गुरांचे खाद्य म्हणून जातो. भाव कमी मिळतो, पण माल घरात कुजत नाही. पुढच्या वर्षी वाटले तर तो जव सोडून दुसरे काही पेरू शकतो.

ऑस्ट्रेलियातल्या जववाल्यांनी हे चांगले अनुभवले. त्यांचा निर्यातीचा निम्म्याहून अधिक जव एकटा चीन घेत असे. मे २०२० मध्ये चीनने त्यावर ८० टक्क्यांहून अधिक जकात बसवली आणि दार एका रात्रीत बंद झाले. भाव पडला, नुकसान झाले. पण जव गुरांनाही चालतो, म्हणून सौदी अरेबियाकडे जहाजे वळली, मेक्सिकोसारखे नवे गिऱ्हाईकही शोधले. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने जकात उठवली, तोवर ते तगून राहिले.

हॉपवाल्याचे तसे नाही. बव्हेरियात म्युनिकच्या उत्तरेला हालरटाऊ नावाचा मुलूख आहे. सलग हॉपलागवडीचा एवढा मोठा टापू जगात दुसरा नाही. तिथे लाकडी खांब आणि तारा यांचा सात मीटर उंच मांडव असतो. आपल्या द्राक्षाच्या मांडवाच्या तिप्पट समजा. वेल एकदा लावली की पंधरा-वीस वर्षे चालते. काढणीचे यंत्र वेगळे, फुले वाळवण्याची भट्टी वेगळी. २०२४ साली साऱ्या जर्मनीत सुमारे २० हजार हेक्टर हॉप होता, आणि तो पिकवणारी कुटुंबे हजाराच्या आसपास. एवढा पैसा जमिनीत गाडून जे पीक येते, त्याचे गिऱ्हाईक जवळजवळ एकच, बीअर. गुरांना ते चालत नाही, माणसाच्या ताटात येत नाही.

बरेच हॉपवाले काही वर्षांचा करार आधीच करून ठेवतात. करार म्हणजे भावाची हमी, असे आपल्याला वाटते. पण त्याला दुसरी बाजूही आहे. २०२१ साली तिथे सुमारे ४८ हजार टन हॉप निघाला. २०२२ साली पाऊस रुसला आणि ३४ हजार टनांवर आला. करारापुरताही माल कित्येकांच्या हाती लागला नाही. पुढे माल भरपूर झाला तेव्हा कराराबाहेरच्या हॉपचा भाव खर्चाच्याही खाली गेला. अमेरिकेत तर भाव चढा पाहून सगळ्यांनी लागवड वाढवली होती. २०२१ साली तिथे सुमारे ६१ हजार एकर हॉप होता. २०२४ साली ४५ हजार एकरच उरला. बाकीच्या मांडवांचे काय झाले असेल, ते द्राक्षबागाईतदाराला सांगायला नको.

आपल्याकडेही हे घडून गेले आहे. २००१ साली आपल्या राज्याने वाइन उद्योगाला उत्तेजन देण्याचे धोरण आखले. नाशिक, सांगलीकडे वाइनच्या द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. २००८ साली जगभर मंदी आली, वाइन पडून राहिली, आणि कारखान्यांकडून शेतकऱ्यांचे पैसे अडकले. ती द्राक्षे बारीक, बियांची, बाजारात खायला कोणी घेईना. शेवटी कित्येकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

तेव्हा मंडळी, उद्या कोणी चांगले कपडे घातलेला माणूस दारात येईल. नव्या पिकाची पुस्तिका दाखवील, करार पुढे करील. त्याला हाकलून द्या असे मी म्हणत नाही. नवे पीक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, कारभारणीसुद्धा, एकत्र बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : या मालाला किती गिऱ्हाइके आहेत? एकाने नाकारला तर दुसरा कोणी घेईल का, निदान गुरे तरी खातील का?

दुसरा : माझा पैसा किती वर्षे अडकणार? एका हंगामात सुटता येईल, की पंधरा वर्षे मांडवाखाली बसावे लागेल?

तिसरा : भाव पडला किंवा पाऊस गेला, तर करारात नुकसान कोणाच्या नावावर लिहिले आहे? हे कलम वाचता येत नसेल तर वाचून दाखवणारा माणूस शोधा, पण न वाचता अंगठा देऊ नका.

या तिन्हींची उत्तरे धड मिळाली नाहीत, तर सगळे रान त्या पिकाखाली घालू नये. चार एकरांतला एखादा एकर द्यावा, बाकीच्या तीन एकरांत घराला लागणारे धान्य, गुरांची वैरण आणि बाजारात दहा जण घेतील असा माल असावा. जर्मन माणूस बीअर कमी पितो, याचे आपल्याला वाईट वाटायचे कारण नाही. त्या घरांतल्या बायकांना बरेच वाटत असेल. पण सात मीटर उंच मांडवाखाली उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याची काळजी आपल्याला ओळखू येते. गिऱ्हाईक चांगल्या कारणाने गेले काय किंवा वाईट कारणाने गेले काय, कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेलाच येतो.

बरे तर, पुढच्या अंकात भेटू. तोवर राम राम.