रिपोर्टमधला पी-१६

घशाच्या कॅन्सरची फाइल शेवटी घरातल्या शिकलेल्या मुलामुलींच्या हाती येते. अब्बांना घेऊन जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात किंवा मुंबईला टाटामध्ये जायचं, आणि बायोप्सीचा इंग्रजी रिपोर्ट सगळ्यांना समजावून सांगायचा, ही कामं तुमचीच. त्या रिपोर्टात कधी 'पी-१६ पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असतं. 'पॉझिटिव्ह' ऐकताच घर हादरतं. खरं तर ही बातमी त्यातल्या त्यात बरी असते.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे काही कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. अशा गाठीत पी-१६ नावाचं प्रथिन भरपूर आढळतं आणि ती उपचारांना चांगली दाद देते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एचपीव्ही असलेले सुमारे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, नसलेले ५७ टक्के. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये मात्र या तपासणीला तितका अर्थ नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: रुग्ण जितका जास्त धूम्रपान करणारा, तितका विषाणूवाल्या गाठीचा हा फायदा कमी. आपल्याकडे तर घशाचे बहुतेक कॅन्सर तंबाखूचेच. त्यांच्या गाठीत टीपी-५३ हे जनुक अनेकदा बिघडलेलं असतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठं मिळते हे कुणाला विचारावं लागत नाही.

निगेटिव्ह आलं म्हणून 'तकदीर में यही था' म्हणत उपचार सोडणं हा वेडेपणा आहे. त्या ५७ टक्क्यांत निगेटिव्हच होते. पॉझिटिव्ह आलं म्हणून स्वतःच्या मनानं केमो टाळणंही तितकंच घातक. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांमध्ये अशा रुग्णांना सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य समजलं जाणारं औषध देऊन पाहिलं, तर जगणाऱ्यांचं प्रमाण घटलं. आणि जनुक म्हटलं की रिश्ते जुळवणारे कान टवकारतात, म्हणून सांगतो: हे बिघाड गाठीतले असतात, ते मुलाबाळांत उतरत नाहीत.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना दुखत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. गाठ टॉन्सिलची किंवा जिभेच्या मुळाशी असेल तर पी-१६ तपासलं का, हे विचारा. ही तपासणी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होते. तो मेणात जपलेला असतो, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. दुसऱ्या शहरात जाताना लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.