अफवेचा प्रवास

१ जुलै २०१८ ची ती रात्र. आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावात एका घराचे दार घाईघाईने आतून बंद झाले. आत एक भटके कुटुंब होते. पाच माणसे, त्यांत दोन वर्षांचे एक मूल. बाहेर मोठा जमाव जमला होता. ही मुले पळवणारी टोळी आहे, असा त्या जमावाचा समज झाला होता. घराचा मालक त्या कुटुंबाच्या ना नात्यातला, ना जातीतला. तरी त्याने त्यांना आसरा दिला.

त्याच दिवशी शेजारच्या धुळे जिल्ह्यात अशा कोणी दार लावले नाही. साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. मुले चोरणारे समजून लोकांनी त्यांना मारहाण केली. त्यात पाचही जण मरण पावले. काही जण तर ती मारहाण मोबाइलवर टिपत उभे होते!

हा संशय आला कोठून? त्या दिवसांत देशभर लोकांच्या मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात आणि निघून जातात. ही फीत होती कराचीतली. पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे, हे सांगण्यासाठी अभिनय करून ती तयार केली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. हा शेवटच कोणीतरी कापून टाकला होता. मालेगावात फिरलेल्या दुसऱ्या एका फितीतील मृत मुले तर सीरियातील होती; २०१३ मध्ये तेथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात ती दगावली होती.

शेवट कापणारा एखादाच असेल. पुढे पाठवणारे मात्र असंख्य होते, आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात वाईट हेतू नव्हता. आई मावशीला पाठवते, मावशी शेजारणीला. मनात काळजीच असते. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. जाणूनबुजून खोटे पसरवणाऱ्याला दोष देणे सोपे. पण खरे की खोटे हे न पाहता जो पुढे पाठवतो, त्याचे काय?

“मी लिहिले नाही, फक्त पुढे पाठवले,” असे पुष्कळ जण म्हणतात. मला हे पटत नाही. उर्दूतील ‘अफवाह’ आणि मराठीतील ‘अफवा’ हा एकच शब्द. मूळ अरबीत त्याचा अर्थ आहे ‘तोंडे’. पूर्वी अफवा खरोखरच तोंडाने सांगावी लागे. “तुला कोणी सांगितले?” असे ऐकणारा विचारी आणि सांगणारा ओशाळे. आता तोंड उघडावे लागत नाही, नुसते बोट टेकवले की झाले. त्यामुळे ती गोष्ट आपली नाहीच असे वाटते. पण मावशी त्या चित्रफितीवर विश्वास ठेवते, ती बहिणीने पाठवली म्हणून. आपण त्या बातमीला आपली पत उसनी देत असतो.

“पण खरे असेल तर? सावध केलेले बरे,” असेही म्हणतात. या बोलण्यात वजन आहे, हे मान्य. मात्र खरी शंका असेल तर पोलीस ठाणे आहे. एका ठिकाणी सांगितलेली शंका तपासता येते. शंभर घरी गेलेली शंका कोणीच तपासत नाही. इतके लोक म्हणतात म्हणजे खरेच असणार, असे जो तो धरून चालतो.

राईनपाड्यानंतर, त्याच जुलै महिन्यात, व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालण्यास सुरुवात केली. २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. हे चांगलेच झाले. तरी पाच हा आकडा लहान नाही. पाचांनी पाचांना, त्यांनी पुन्हा पाचांना, असे सहा टप्पे झाले की पंधरा हजारांहून अधिक लोक होतात. शिवाय आपले संदेश कंपनीला वाचता येत नाहीत. ते तसेच खासगी राहावेत, असे मलाही वाटते. मग पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये शहानिशा करणारे तिसरे कोणी उरत नाही.

मालेगावच्या त्या घरमालकाजवळ तरी कोणता पुरावा असणार? ती माणसे कोण, हे जमावाला माहीत नव्हते आणि बहुधा त्यालाही नव्हते. जमावाने हात उगारला; त्याने कडी लावली आणि पोलीस येईपर्यंत दार बंद ठेवले. पोलिसांनी पाचही जणांना जिवंत बाहेर काढले. त्यांत ते दोन वर्षांचे मूलही होते.