मृत्यूच्या हजेरीला प्रॉक्सी कोण लावतं?

‘येस मॅम!’ आवाज मैत्रिणीचा, हजेरी तुमची. प्रॉक्सी मारायची ही आयडिया आपल्या पिढीची आहे असं वाटत असेल, तर जगभरच्या लोककथा वाचा. तिथली माणसं फार पूर्वीपासून हेच करत आलीत. फक्त तिथे हजेरी घ्यायला येतो मृत्यू.

शार्ल पेरोची १६९७ मधली फ्रेंच गोष्ट घ्या. सात भाऊ राक्षसाच्या घरात अडकतात. शेजारच्या पलंगावर राक्षसाच्या सात मुली झोपल्यात, डोक्यावर सोन्याचे मुकुट. सगळ्यात धाकटा भाऊ रात्री उठतो, मुकुट भावांना घालतो आणि भावांच्या टोप्या मुलींना. राक्षस अंधारात डोकी चाचपतो आणि आपल्याच मुलींचे गळे कापतो. पोरं पसार! काय डोकं चालवलं म्हणून आपण खूश. त्या सात मुलींना गोष्टीत साधी नावंही नाहीत.

हे फक्त गोष्टींतच घडलं असं नाही. प्राचीन असीरियात ग्रहण पडलं आणि त्यात राजाच्या मरणाचा अपशकुन दिसला, की भलत्याच माणसाला गादीवर बसवत. धोक्याचे दिवस सरले की त्याला मारत आणि खरा राजा परत सिंहासनावर!

आता आपल्या घरातली गोष्ट. लाक्षागृह पेटलं, कुंती आणि पाच पांडव भुयारातून निसटले. लहानपणी हे ऐकताना मीही ‘हुश्श’ केलं होतं. पण राखेत सहा मृतदेह सापडले, म्हणून तर पांडव मेले असं सगळ्यांना वाटलं ना? ती होती एक निषाद बाई आणि तिची पाच मुलं. जेवायला आली आणि तिथेच झोपली. ती आपसूक आली होती, असं महाभारत सांगतं. असेलही. पण तिचं नाव सांगत नाही. महाश्वेता देवींनी बंगालीत यावर कथा लिहिली. त्यात म्हातारपणी रानात राहणाऱ्या कुंतीला एक निषाद स्त्री या सहा जणांचा जाब विचारते.

तुम्ही म्हणाल, मग पांडवांनी जळून मरायचं होतं का? अजिबात नाही. दुबळ्याने चलाखी करून जीव वाचवावाच. भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी आठवा. काळीज झाडावर राहिलं, असं मगरीला सांगणारं पंचतंत्रातलं माकड आठवा. दोघांनीही मृत्यूला उल्लू बनवलं, पण आपल्या जागी कुणाला झोपवलं नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

सेकंड इयरला माझी प्रॉक्सी मारताना मैत्रीण पकडली गेली. तिची महिन्याभराची हजेरी कापली गेली. मी तेव्हा कॅन्टीनमध्ये वडापाव खात होते. मी नंतर ‘सॉरी यार’ म्हटलं, पण मॅमकडे जाऊन ‘चूक माझी होती’ असं काही सांगितलं नाही.

म्हणून आता गोष्टीतला हीरो सुटला, की मी मागे वळून त्या दुसऱ्या पलंगाकडे बघते. तुम्हीही एकदा बघा.