औषध नेणाऱ्या ड्रोनला रेंज कोण देणार?

पावसाळ्यात निंदणीच्या वेळी साप चावला, की लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावांत आणि भोवतालच्या वस्त्यांवर सगळा हिशेब मिनिटांवर येतो. प्रतिविष हे काही बांधावर टोचायचे औषध नव्हे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. पण जवळच्या आरोग्य केंद्रातला साठाच संपला असेल, तर तो ड्रोनने पाठवता येईल का? डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप येथे कोरोना लशीच्या 300 मात्रा ड्रोनने गेल्या. रस्त्याने सुमारे चाळीस मिनिटांची वाट नऊ-दहा मिनिटांत संपली.

मात्र तो एक ड्रोन होता आणि मार्ग आधी आखलेला होता. रोजच्या सेवेत खरी अडचण पंखांची नाही, संपर्काची आहे. मोबाइल टॉवरचे अँटेना किंचित खाली झुकवलेले असतात, कारण फोन जमिनीवर असतात. जमिनीवर घरे, झाडे, टेकड्या दूरच्या टॉवरला आडव्या येतात. 100 मीटर उंचीवर आडोसा उरत नाही आणि क्षितिज सुमारे 35 किलोमीटरवर जाते. मग ड्रोनला एकाच वेळी अनेक टॉवर ऐकू येतात. आठवडी बाजारात दहा दुकानदारांनी एकदम हाक मारावी, तसे होते: आवाज भरपूर, अर्थबोध शून्य. ड्रोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो आणि त्याच्या लहरींचा खालच्या फोनधारकांनाही उपद्रव होतो.

त्यात गर्दी वाढते आहे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातील 15 हजार बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. लग्नातले कॅमेरे वेगळेच. यातले बरेच ड्रोन 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. घरचे वाय-फायही तिथेच.

उपाय नाहीत असे नाही. ड्रोन चालवण्याच्या आज्ञांना सेकंदाला जेमतेम 100 किलोबिट पुरतात. जागा खातो तो व्हिडिओ. म्हणून दोन्हींची वाट वेगळी हवी आणि आज्ञेला अग्रक्रम हवा. मोबाइलची जागतिक मानके ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ने 2017 मध्येच उडत्या यंत्रांचा अभ्यास केला, टॉवरला ‘हा फोन नव्हे, ड्रोन आहे’ हे ओळखू देणे, अँटेना एका दिशेला रोखणे, असे मार्ग त्यातून पुढे आले. एका ड्रोनने दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवावा, हीही कल्पना आकर्षक आहे. पण प्रत्येक टप्प्यागणिक विलंब वाढतो आणि मधला ड्रोन उतरला की मागचे सगळे मुके होतात. औषधासाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे हा साधा उपाय अधिक भरवशाचा.

तेव्हा यंत्रखरेदीआधी लोणार ते बीबी या मार्गावर, उड्डाणाच्या उंचीवर, सिग्नल मोजला पाहिजे. जमिनीवर फोन धरून घेतलेली नोंद इथे निरुपयोगी आहे. संपर्क तुटल्यास ड्रोनने काय करायचे, हेही आधीच ठरवावे लागते. बहुतेक ड्रोन अशा वेळी निघाल्या जागी परततात. शेताची छायाचित्रे काढताना ते सोयीचे. पेटीत प्रतिविष असताना मात्र ड्रोन मागे वळताच केंद्रात फोन वाजायला हवा आणि 108 ची गाडी रुग्णाला घेऊन मोठ्या रुग्णालयाकडे निघायला हवी.