स्पीड किती होता बे?

मित्रांनो, सबमिशनची आदली रात्र असली तरी आपल्या होस्टेलात कुठल्या ना कुठल्या रूममध्ये लॅपटॉपवर गाड्या उडतच असतात. मीही त्याच कंपूतला. २००४ साली 'धूम'मधली जॉन अब्राहमची हायाबुसा पाहून आपल्या मोठ्या भावांची पिढी बाइकच्या प्रेमात पडली. आपल्याला तीच हौस मोबाइलवर मिळाली. तेव्हा सिनेमा वाईट, असं प्रवचन मी देणार नाही.

पण हे मनोरंजन तयार कसं होतं, ते दोनदा जवळून पाहता आलं. २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात नागराज मंजुळेंच्या 'झुंड'चं शूटिंग सुरू होतं. मी शाळेत होतो. अमिताभ दिसेल म्हणून काकांसोबत गेलो. दिसलं काय? गर्दी, वायरी, छत्र्या आणि एकच साधा शॉट पुन्हा पुन्हा. "याच्यासाठी दुपार घालवली का बे?" काका वैतागले.

दुसरा योग आपल्या कुहीकडचा. दिवाळी झाली की इकडे गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं. वडसा म्हणजे या रंगभूमीचं माहेरघर. एकदा ओळखीनं मंडपामागे शिरलो. स्टेजवर हिरोला बेदम तुडवणारा खलनायक त्याच हिरोसोबत एका कपात चहा पीत होता! मारामारीचं एकेक पाऊल ठरलेलं. कोण कुठं पडणार, हेही ठरलेलं.

आता आमच्या एका मित्राची गोष्ट. असंच नाटक ऐन रंगात असताना हा पठ्ठ्या उठला. एकाला मागं बसवलं आणि निघाला आंभोऱ्याच्या पुलावर व्हिडिओ काढायला. वैनगंगेवरचा हा पूल २०२४ पासून सगळ्यांच्या स्टेटसवर आहे. वाटेत काटा ऐंशीवर. रस्त्याच्या कडेला धानानं भरलेली ट्रॉली उभी, मागं लाल दिवा नाही. ती दिसली आणि यानं हँडल वळवलं. गाडी बांधीत, हेल्मेट रूमवर! मऊ चिखलामुळं हा वाचला, पण मागच्याचा हात मोडला. ट्रॉलीवाल्यानंच दोघांना दवाखान्यात नेलं.

ट्रॉलीला दिवा हवा होता, यात वाद नाही. पण आपण इंजिनीअरिंगवाले ना? मग जरा गणित करू. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. गेले २२ मीटर. पुढं कोरड्या चांगल्या डांबरावर थांबायला अंदाजे ३६. एकूण ५८. ताशी ४० ला हेच सगळं मिळून २० मीटर. वेग दुप्पट, पण ब्रेकचं अंतर चौपट. अर्धा एमव्ही स्क्वेअर आपण बारावीत घोकला, तो काय फक्त पेपरात लिहायला?

आणि पडद्यावरची धाडसं? २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये बाँडची ॲस्टन मार्टिन सात कोलांट्या खाते. त्यासाठी गाडीत हवेच्या दाबावर चालणारी तोफ बसवली होती, स्टिअरिंगवर तयारीचा स्टंटमन होता आणि जागा होती गाड्यांच्या चाचणीचा बंदिस्त ट्रॅक. म्हणजे आपण ज्याला बेफिकिरी समजतो, ती मुळात पराकोटीची फिकीर असते.

मला खरी खटकली ती नंतरची गोष्ट. मित्र होस्टेलवर परतला आणि मेसमध्ये पहिला प्रश्न आला, "स्पीड किती होता बे?" आठवडाभर तो हिरो. किस्सा दर वेळी दहा किलोमीटरनं वाढत गेला. ज्याचा हात मोडला तो घरी होता, त्याचा प्रॅक्टिकलचा महिना गेला. त्याच्या आईनं फोनवर एकच विचारलं, "हात हालते का रे, बापा?" मित्रांनो, या दोन प्रश्नांतला कोणता आपला, हे आपण ठरवायला नको का? पोट्टे रस्त्यासाठी गाडी पळवत नाहीत, मेसमधल्या टाळीसाठी पळवतात. आणि किस्सा सांगायला जो वाचतो तोच येतो, हेही आपण विसरतो.

सरांनाही एक विनंती. नोटीस बोर्डावर 'वाहने सावकाश चालवा' लावून काही होत नाही, ती नोटीस वाचतं कोण? त्यापेक्षा मेकॅनिकल विभागानं ग्राऊंडवर चुन्यानं दोन रेघा मारून द्याव्यात, एक २० मीटरवर, दुसरी ५८ वर. पोरांनी तेवढं चालून पाहावं. गेटवर चार जादा हेल्मेटं ठेवावीत. आणि मंडईच्या रात्री वर्गणी काढून एकच गाडी ड्रायव्हरसह ठरवू. नाटक पहाटेपर्यंत चालतं, ते सगळ्यांनी मिळून शेवटापर्यंत पाहावं. परत येताना झोपही काढता येते.

राहिली मेस. तिथं वर्गणी लागत नाही. पुढचा किस्सा सुरू झाला की एवढंच विचारायचं, "मागं बसला होता तो कसा आहे?"